बाथरूमच्या टाइल्समधलं ग्राउट पुन्हा पुन्हा का निघतं?

सांध्यातलं ग्राउट, म्हणजे दोन टाइल्समधल्या फटीत भरलेला माल, निघालं, मिस्त्रीला बोलावून भरून घेतलं, आणि काही महिन्यांत त्याच जागी पुन्हा फट. मग व्हाइट सिमेंट लावून बघायचं, मग महागातलं ग्राउट, मग त्याच्यावरून सिलिकॉनचा पट्टा, आणि सगळं करून झालं की ‘मालच खराब होता’ म्हणून मोकळं व्हायचं. माल खराब असू शकतो, नाही असं नाही. पण एकाच जागेवरचं ग्राउट दुसऱ्यांदा निघालं, तर दोष बहुतेक वेळा ग्राउटमध्ये नसतो. तिथे काहीतरी हलत असतं, मागे पाणी साठत असतं, किंवा वरून कुणीतरी नेमाने अ‍ॅसिड ओतत असतं.

आणखी एक अगदी साधं कारण आहे, ते आधीच सांगून टाकतो, कारण निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. जुनं ग्राउट न काढता त्याच्यावर नवीन फासलेलं असतं. दोन मिलिमीटर जाडीचा थर, खाली साबणाची चिकट पुटं, त्यावर तो टिकणार कसा? दुरुस्तीसाठी जुनं ग्राउट टाइलच्या जाडीच्या किमान दोन तृतीयांश खोलीपर्यंत उकरून काढावं लागतं. म्हणजे ९ मिलिमीटरची टाइल असेल तर ६ मिलिमीटर. हे कंटाळवाणं काम आहे, हाताने करायला बसलं तर छोट्या बाथरूमलाही वेळ खातं, म्हणूनच ते टाळलं जातं. तुमच्याकडे हेच झालं असेल तर पुढचं वाचायच्या आधी ते नीट करून बघा.

जागेवरून निदान

ग्राउट नेमकं कुठे निघालंय हे दिवसाउजेडी, बाथरूम कोरडं असताना बघा. टॉर्च भिंतीला चिकटवून तिरका धरला की बारीक फटीसुद्धा दिसतात.

फक्त कोपऱ्यांत फट असेल, म्हणजे भिंत आणि जमीन जिथे भेटतात, दोन भिंती जिथे भेटतात, ओटा आणि भिंत, टब आणि भिंत, तर तिथे ग्राउट भरणं हीच चूक आहे. तिथे सिलिकॉन हवं.

एखाद-दुसऱ्या टाइलच्या चारही बाजूंनी केसासारखी फट दिसत असेल तर ती टाइल सुटली आहे.

फट सरळ किंवा पायऱ्यापायऱ्यांनी लांबवर गेली असेल आणि वाटेत एखादी टाइलही तडकली असेल, तर खालच्या काँक्रीटला किंवा गिलाव्याला तडा आहे आणि तोच वर आलाय.

सगळीकडे सारखंच भुसभुशीत झालं असेल, नखाने उकरलं तरी पावडर पडत असेल, तर ग्राउट कालवताना गडबड झाली आहे किंवा साफसफाईच्या अ‍ॅसिडने ते खाल्लं आहे.

पाणी जायच्या जाळीच्या आसपास आणि भिंतीच्या खालच्या एक-दोन ओळींतच निघत असेल, सांधे कायम काळपट दिसत असतील, मधूनच पांढरी पूड बाहेर येत असेल, तर टाइल्सच्या मागे पाणी आहे. ही पांढरी पूड म्हणजे सिमेंटमधले क्षार. पाणी त्यांना विरघळवून बाहेर आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार सांध्यावर राहतात. नुसतं पुसून ती जात नाही, आठवड्याने परत येते.

शंका असेल तर एक सोपी चाचणी करा. दोन दिवस बाथरूम अजिबात वापरू नका, दार-खिडकी उघडी ठेवा. वरून भिजलेले सांधे तेवढ्यात वाळून फिके होतात. जे तरीही गडद राहतात, त्यांना मागून पाणी मिळतंय.

कोपरे

भिंत आणि जमीन हे दोन वेगळे भाग आहेत. तापमानाने, ओलाव्याने, इमारतीच्या बारीक हालचालीने दोन्ही आपापल्या तऱ्हेने सरकतात. ही हालचाल मिलिमीटरच्याही अंशात असते, पण सिमेंटचं ग्राउट ताणलं जात नाही, ते तुटतं. नीट बघितलंत तर कोपऱ्यातली फट बहुतेक वेळा सांध्याच्या मधोमध नसते. ग्राउट एका बाजूच्या टाइलला घट्ट धरून असतं आणि दुसऱ्या टाइलच्या कडेपासून सुटलेलं असतं. तिथे कितीही चांगलं ग्राउट भरा, निघणारच. सिमेंटऐवजी रेझिनचं असतं ते एपॉक्सी ग्राउटसुद्धा.

कोपऱ्यातलं सगळं ग्राउट काढा, सगळं म्हणजे सगळं. तिथे आधी कुणी सिलिकॉन लावलं असेल तर त्याचा पातळ थरही ब्लेडने खरवडा, कारण नवीन सिलिकॉन जुन्या सिलिकॉनला धरत नाही. मग स्पिरिटने पुसा आणि पूर्ण कोरडं होऊ द्या. निदान एक दिवस. ओल्या फटीत भरलेलं सिलिकॉन पुढे पट्टीसारखं अख्खं सोलून निघतं.

फट खोल असेल तर तळाशी फोमची गोल दोरी दाबून बसवा. ती बॅकर रॉड नावाने मिळते. तिचा उपयोग माल वाचवण्यापुरता नाही. सिलिकॉन फक्त दोन बाजूंच्या टाइल्सना चिकटलं पाहिजे. तळालाही चिकटलं तर ते मोकळेपणी ताणलं जात नाही आणि कडेने फाटतं. दोन्ही बाजूंना कागदी टेप लावा, सिलिकॉन भरा, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने एका दमात ओढा आणि ओलं असतानाच टेप काढा. पाणी लावायची घाई नको, २४ तास तरी जाऊ द्या.

बाथरूमसाठी बुरशीरोधक, म्हणजे सॅनिटरी प्रकारचं सिलिकॉन घ्या. लावताना व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन सिरॅमिकला चालतं. मार्बलला नाही, त्यातलं आम्ल दगडावर डाग पाडतं. दगडाशेजारी न्यूट्रल लिहिलेलं घ्यायचं. टबच्या कडेला भरायचं असेल तर आधी टब पाण्याने भरा, सिलिकॉन वाळेपर्यंत भरलेला ठेवा. रिकाम्या टबला भरलं तर पहिल्या आंघोळीला टब वजनाने खाली बसतो आणि फट उघडते.

स्वयंपाकघरातला ओट्यामागचा सांधा याच जातीचा. ओट्याचं काँक्रीट किंवा कॅबिनेट एकीकडे सरकतं, भिंत दुसरीकडे. शेगडीमागचा भाग तर रोज तापतो आणि निवतो. तिथली फट लहान दिसते, पण सिंकचं पाणी तिच्यातून थेट खालच्या कपाटाच्या पाठीला जातं, आणि पाठ फुगल्यावरच ती कुणाच्या लक्षात येते.

सिलिकॉन कायमचं नसतं, हेही धरून चाला. काही वर्षांनी काढून पुन्हा भरावं लागतं. पण ते अर्ध्या दिवसाचं काम आहे.

सुटलेली टाइल

स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने टाइल ठोकत जा. मधोमध, मग चारही कोपरे. घट्ट टाइल खणखणीत वाजते, सुटलेली बद्द वाजते. पोकळ जागांवर पेन्सिलीने खूण करा, म्हणजे पोकळी एका कोपऱ्यात आहे की अख्ख्या टाइलखाली, हे चित्र समोर येतं.

पोकळ वाजते म्हणून प्रत्येक टाइल उपटायची मात्र गरज नाही. भिंतीवरची एखादी टाइल कोपऱ्यात पोकळ आहे, पण भोवतीचं ग्राउट शाबूत आहे, दाबल्यावर हलत नाही, तर तिला तशीच राहू द्या. अशा टाइल्स वर्षानुवर्षं जागा सोडत नाहीत. भोवतीचं ग्राउट फुटलेलं असेल, पाय ठेवल्यावर कडेतून पाण्याचा बुडबुडा येत असेल, तर ती काढावीच लागेल.

काढताना आधी चारही बाजूंचं ग्राउट पूर्ण कापा. हे न करता छिन्नी मारली की धक्का शेजारच्या टाइलला बसतो आणि तिची कड उडते. मग एकाची दोन कामं. टाइल मधोमध फोडून तुकडे कडेकडे काढत या. डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला धूळ अडवणारा चांगला मास्क हवाच; टाइल आणि सिमेंटच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसांना वाईट.

आता तो निघालेला तुकडा फेकू नका. उलटा करून उजेडात धरा. टाइल का सुटली हे तिच्या पाठीवर लिहिलेलं असतं.

पाठीवर चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे मालाचे गोळे दिसले, तर टाइल गोळ्यांवर टेकवलेली होती. भिंत वाकडी असली की मिस्त्रीला ही पद्धत सोयीची पडते, गोळा कमी-जास्त दाबला की टाइल लेव्हलला येते. पण गोळ्यांमधल्या पोकळीत पाणी साठतं, आणि जमिनीवर असेल तर आधार नसलेल्या कोपऱ्यावर वजन पडून टाइल तडकते. भिंत वाकडी असेल तर ती आधी गिलाव्याने सरळ करायची, टाइलच्या मालाने नाही.

पाठ जवळजवळ कोरी आहे आणि खाली भिंतीवर मात्र दातेरी थापीने ओढलेल्या रेघा जशाच्या तशा उभ्या आहेत? मग टाइल चिकटवायचं अ‍ॅडेसिव्ह पसरून ठेवलं, त्यावर साय धरली, आणि टाइल उशिरा लागली. अ‍ॅडेसिव्हचा उघडा वेळ, म्हणजे पसरल्यावर टाइल लावायची मुदत, साधारण २० मिनिटांचा असतो, वारा-ऊन असेल तर त्याहून कमी. बोट लावून बघायचं: बोटाला माल लागला तर टाइल लावा, बोट कोरडं आलं तर तो माल खरवडून फेका. वरून पाणी शिंपडून ती साय जागी होत नाही.

पाठीवर पांढरी पूड दिसली, बोटाला खडूसारखी लागली, तर ती भट्टीतली आहे. टाइल भट्टीच्या रोलरला चिकटू नये म्हणून कारखान्यात पाठीला ती लावतात. ओल्या फडक्याने किंवा स्पंजने पुसली नाही तर माल पुडीला चिकटतो, टाइलला नाही.

टाइलच्या पाठीवर अ‍ॅडेसिव्ह घट्ट आहे आणि त्याला गिलाव्याचा किंवा रंगाचा पापुद्रा चिकटून आलाय, तर अ‍ॅडेसिव्हने आपलं काम केलं. भिंतच कच्ची होती. रंगावर, पुट्टीवर किंवा जिप्समवर ओल्या जागी टाइल्स लावल्या की हे होतं. अशा वेळी एक टाइल परत बसवून भागत नाही, शेजारच्याही त्याच वाटेवर असतात.

आणि पाठ गुळगुळीत, स्वच्छ, खाली सिमेंटचा तितकाच गुळगुळीत ठसा, असं असेल तर व्हिट्रिफाइड टाइल नुसत्या सिमेंटच्या पेस्टवर लावलेली आहे. सिमेंट टाइलच्या छिद्रांत शिरून पकड घेतं. सिरॅमिकच्या भिंतीच्या टाइल्स वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी शोषतात, त्यामुळे त्यांना ते धरतं. व्हिट्रिफाइड टाइल ०.५ टक्के किंवा त्याहूनही कमी शोषते, तिथे सिमेंटला शिरायला जागाच नाही. तिला पॉलिमर असलेलं अ‍ॅडेसिव्ह लागतं. आयएसओ १३००७ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे पिशवीवर वर्ग छापलेला असेल तर सी१ पेक्षा सी२ बघा. सी२ ची पकड चौरस मिलिमीटरला किमान १ न्यूटन, सी१ ची त्याच्या निम्मी. जुन्या टाइल्सवर नवीन लावायच्या असतील किंवा खालचा भाग हलता असेल तर पुढे एस१ असलेलं, म्हणजे थोडं लवचिक.

परत बसवताना जुना माल पूर्ण काढून खोली करून घ्या, नाहीतर नवीन टाइल वर येते. जमिनीवर छिन्नी चालवताना खालचा वॉटरप्रूफिंगचा थर फाटतो, आणि ‘आम्ही फक्त एक टाइल बदलली, तेव्हापासून खालच्या मजल्यावर गळायला लागलं’ ही तक्रार तिथून सुरू होते. थर फाटला असेल तर त्याच प्रकारच्या मालाने पॅच मारून, तो वाळल्यावरच पुढे जायचं. अ‍ॅडेसिव्ह दातेरी थापीने एकाच दिशेने ओढा, गोल गोल फिरवू नका. टाइल रेघांच्या आडव्या दिशेने थोडी मागेपुढे सरकवत दाबली की रेघा मोडतात आणि हवा बाहेर जाते. पहिली टाइल लगेच उचलून पाठ बघा. ओल्या जागी ९५ टक्के पाठ मालाने भरलेली हवी, कोरड्या जागी ८० टक्के चालतात. मोठ्या टाइलला पाठीवरही पातळ हात मारून घ्यावा. ग्राउट दुसऱ्या दिवशी.

भुसभुशीत ग्राउट

ग्राउटच्या पुड्यावर पाण्याचं माप छापलेलं असतं आणि ते क्वचितच पाळलं जातं. पातळ माल फटीत पटकन शिरतो, पाटा हलका चालतो, म्हणून पाणी वाढवलं जातं. ते जास्तीचं पाणी उडून गेलं की मागे बारीक छिद्रं राहतात, ग्राउट कच्चं राहतं आणि रंगही ठिकठिकाणी वेगळा दिसतो. कालवून पाच-दहा मिनिटं ठेवायचं, पुन्हा ढवळायचं आणि वापरायचं. घट्ट व्हायला लागलं की पाणी घालून सैल करायचं नाही. पुसतानाही तेच. निथळणाऱ्या स्पंजने पुसलं की वरच्या थरातलं सिमेंट आणि रंग दोन्ही धुऊन जातात. स्पंज पिळून, सांध्याला तिरका फिरवायचा.

फट ३ मिलिमीटरपर्यंत असेल तर बारीक ग्राउट, त्याहून रुंद असेल तर वाळूचं. रुंद फटीत बारीक ग्राउट आकसून तडकतं. उलट टाइलला टाइल भिडवून लावलेली असेल तर फटीत ग्राउट शिरतच नाही, वर नुसती रेघ बसते आणि पहिल्या महिन्यात घासून जाते. ‘सांधा दिसायला नको’ या हौसेची ही किंमत आहे. भिंतीला २ आणि जमिनीला ३ मिलिमीटर फट हवीच, स्पेसर लावून.

अ‍ॅसिडचं सांगायचं तर, टॉयलेटचं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचं क्लीनर टाइलच्या चकाकीला फारसं काही करत नाही, पण ग्राउटमधलं सिमेंट विरघळवतं. दर धुण्याला एक पातळ थर जातो. सांधे खोल खोल होत गेलेले दिसत असतील, पण तडे नसतील, तर कारण हेच. साध्या डिटर्जंटच्या पाण्याने आणि नायलॉनच्या ब्रशने बहुतेक मळ निघतो. बुरशीला ब्लीच चालतं, पण ब्लीच आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका, एकापाठोपाठ एकही नाही. त्यातून क्लोरिन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

घरात अ‍ॅसिड सुटणारच नसेल तर एपॉक्सी ग्राउट घ्या. ते आम्लाला, डागांना, पाण्याला दाद देत नाही. फक्त लावणारा सवयीचा हवा. वरचा तवंग वेळेत पुसला नाही तर टाइलवर कायमचा चिकट पडदा राहतो. आणि एपॉक्सीने सुटलेली टाइल घट्ट होत नाही, मागचं पाणीही थांबत नाही. ओल असलेल्या टाइल्सवर एपॉक्सी भरलं तर आतलं पाणी सांध्यातून वाळायचं तेही बंद होतं.

मागचं पाणी

टाइल्स आणि ग्राउट म्हणजे वॉटरप्रूफिंग, हा गैरसमज फार पक्का आहे. सिमेंटचं ग्राउट सच्छिद्रच असतं, अगदी उत्तम भरलेलं असलं तरी थोडं पाणी आत जातं. ते अडवायचं काम खालच्या वॉटरप्रूफिंगच्या थराचं आणि बाहेर काढायचं काम उताराचं. वरून मारायचे सीलर डाग अडवतात, खालचा थर फाटलेला असेल तर त्यांचा काही उपयोग नाही.

आधी उतार तपासा. जमिनीवर बादलीभर पाणी ओता. ते जाळीकडे न जाता कोपऱ्यात थांबत असेल तर तिथलं ग्राउट कधीच टिकणार नाही. जमिनीला मीटरमागे १० ते २० मिलिमीटर उतार लागतो. मग जाळीचं तोंड बंद करून दोन-तीन सेंटिमीटर पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारा आणि २४ तास ठेवा. थोडं पाणी उडून जातं, पण पातळी स्पष्ट खाली गेली किंवा खालच्या छताला ओल आली, तर थर गेलेला आहे. नळाच्या लाइनवर संशय असेल तर घरातले सगळे नळ बंद करून मीटर बघा. काटा फिरत असेल तर कुठेतरी गळती आहे.

यातलं काही निघालं तर ग्राउटवर आणखी पैसे घालू नका. जमीन आणि भिंतीचा खालचा भाग उकलून, उतार आणि थर नव्याने करून, पाणी भरून तपासून मगच टाइल्स. खर्चिक आहे खरं, पण अर्धवट दुरुस्तीने हा प्रश्न सुटलेला मी पाहिलेला नाही.

जमीन फुगून उठली असेल तर

मोठ्या खोलीत किंवा स्वयंपाकघरात एखाद्या दिवशी दोन टाइल्स तंबूसारख्या उचलल्या जातात, कधी मोठा आवाज होऊन. खालचं काँक्रीट सुकताना आकसतं, टाइल्स उन्हाने आणि ओलाव्याने किंचित वाढतात, आणि भिंतीपर्यंत गच्च भरलेलं असेल तर सरकायला जागा उरत नाही. जिथे पकड कमी तिथे टाइल्स उठतात. म्हणून भिंतीलगत चारही बाजूंनी साधारण ६ मिलिमीटरची मोकळी फट ठेवायची. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते, तिच्यात माल भरायचा नाही. आतल्या मोठ्या जमिनीला दर सात-साडेसात मीटरवर, आणि ऊन किंवा पाणी येणाऱ्या जागी अडीच ते साडेतीन मीटरवर, ग्राउटऐवजी लवचिक सांधा. नुसत्या उठलेल्या टाइल्स परत चिकटवल्या आणि कडा तशाच गच्च ठेवल्या, तर पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या उठतात. आधी ग्राइंडरने कडेची फट मोकळी करा.

नव्याच घ्यायच्या झाल्या तर

शॉवरखालच्या जमिनीला छोट्या टाइल्स घ्या. मोठी टाइल चारही बाजूंच्या उताराला बसत नाही, तिरके काप द्यावे लागतात किंवा उतारच मारला जातो. छोट्या टाइल्सचे सांधे जास्त, म्हणजे पाय घसरायचाही धोका कमी. चकचकीत पॉलिश जमिनीला नको. लांबट टाइल्स विटांसारख्या अर्ध्यावर सांधा ठेवून लावायच्या असतील तर सावध: ३८ सेंटिमीटरहून लांब टाइल मधे किंचित फुगीर असते, अर्ध्यावर सांधा दिला की एकीचा फुगवटा दुसरीच्या टोकाशेजारी येतो आणि कडा वर-खाली लागतात. एक तृतीयांशावर सांधा द्या.

सगळे खोके एकाच बॅचचे आणि एकाच शेडचे आहेत का ते दुकानातच बघा. दोन्ही क्रमांक खोक्यावर छापलेले असतात. एक खोकं जास्तीचं घेऊन माळ्यावर ठेवून द्या, आणि ग्राउटच्या पुड्यावरचं नाव व रंगाचा क्रमांक त्याच खोक्यावर मार्करने लिहून ठेवा.